प्रेमसिंगचा ठप्पा

दिग्रसच्या पोस्टातून निवृत्त झालेले प्रेमसिंग राठोड म्हणजे सरळ माणूस. कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. शेजाऱ्यानं गाडी घेतली की पेढा खायला हे पहिले हजर. धाकट्या भावानं तांड्यावर स्लॅबचं घर बांधलं, तेव्हा भिंतींवर पाणी मारायला हे स्वतः रोज सायकल हाणत जायचे. जळणं-कुढणं हा प्रकार आपल्या स्वभावातच नाही, असं त्यांचं स्वतःविषयी मत होतं. आणि त्यांच्या बायकोला, मानीबाईंना, ते मत ह्या उन्हाळ्यापर्यंत मान्य होतं.

ह्या उन्हाळ्यात मात्र माणूस पार बिघडला. कारण काय, तर त्यांची नात रंजिता शेजारी जाऊन बसायला लागली.

रंजिता म्हणजे लेकीची लेक. पुण्याला राहते, यंदा सातवीत जाईल. परीक्षा संपली की आई तिला दिग्रसला आणून सोडते आणि मग शाळा उघडेपर्यंत ती नानांची. सकाळी नानांबरोबर भाजीबाजार, दुपारी कूलरसमोर पत्ते, संध्याकाळी बसस्टँडवर उसाचा रस आणि पुसदच्या गाडीत चढणाऱ्यांची ढकलाढकली बघत बसणं. वर्षाचे बाकीचे महिने प्रेमसिंग ह्या दिवसांच्या जिवावर काढायचे. एरवी बोलणं व्हायचं ते मोबाइलवर, आणि मोबाइलवर पोरगी नुसती 'हं, हं' करते.

यंदा शेजारच्या रिकाम्या घरात रामराव गुरुजी राहायला आले. अमरावतीच्या शाळेत नोकरी झाली, बायको वारली, मुलगा हैदराबादला, म्हणून भाचीच्या गावात येऊन राहिले. सभ्य माणूस. आल्या आल्या कॉलनीत घरोघरी जाऊन नमस्कार करून आले. प्रेमसिंगना ते आवडलेसुद्धा होते. मग मानीबाईंना काय सुचलं कोण जाणे, त्यांनी रंजिताच्या हातून गुरुजींकडे वाटीभर आमरस पाठवला. पोरगी गेली ती तासभर आलीच नाही. आली ती डोळे मोठे करून. गुरुजींकडे पोस्टाच्या तिकिटांचे अल्बम आहेत, लोखंडी कपाट भरून. एक तिकीट तर तिकोनी आहे. एका तिकिटाला घासलं की चंदनाचा वास येतो. एक अशा देशाचं आहे, की तो देशच आता नाही.

प्रेमसिंगनी पत्ते पिसता पिसता ऐकून घेतलं आणि म्हणाले, तिकिटांचं काय एवढं कवतिक, आपला सगळा जन्म तिकिटांतच गेला. त्यावर रंजितानं अगदी सहज विचारलं, "मग तुमच्याकडे किती आहेत नाना?"

एकही नव्हतं. पोत्यांनी टपाल हाताखालून गेलं, पण दुसऱ्याच्या पत्रावरचं तिकीट काढून घरी आणायचं, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. तसं ते बोलले असते तर बरं झालं असतं. पण त्यांनी पत्ते वाटायला घेतले, आणि दुसऱ्या डावात रंजिता पत्ते टाकून पुन्हा शेजारी पळाली.

तिथून सुरू झालं. दुपार झाली की पोरगी भिंतीपलीकडे आणि प्रेमसिंग भिंतीच्या अलीकडे, पेपर तोंडासमोर धरून, कान पलीकडे. गुरुजी तिला शिकवायचे. लिफाफ्यावरून तिकीट ओढून काढायचं नाही, भोवतीचा कागद ठेवून कात्रीनं कापायचं, कोमट पाण्यात ठेवायचं, आपोआप सुटू द्यायचं, रद्दीवर पालथं वाळवायचं. बोटानं धरायचं नाही, चिमट्यानं उचलायचं. हे ऐकून प्रेमसिंगच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. चिमट्यानं म्हणे. तिकीट आहे का निखारा? गुरुजींचा खोकलासुद्धा त्यांना सहन होईना. माणूस खोकतोही कसा, तर शिकवल्यासारखा. रंजिता जेवताना 'गुरुजीआजोबा म्हणाले' असं सुरू करायची आणि इकडे प्रेमसिंगचा घास तोंडात फिरायचा. त्यांनी कुल्फी आणली, पतंगी कागदाचे आकाशकंदील करून दाखवले, वणीच्या बाजूला कोळशाच्या खाणी बघायला नेतो म्हणाले. पोरगी 'उद्या जाऊ' म्हणायची. आणि आमरस कोणी पाठवला होता, ह्यावरून मानीबाईंशी रोज एकदा भांडण व्हायचं.

"कायले जीव जाळून राह्यले?" मानीबाई एकदा म्हणाल्या. "पोरगी शेजारीच तं गेली."

जीव जाळणारे प्रेमसिंग नव्हतेच, असं प्रेमसिंगचं म्हणणं. पण दुसऱ्या दिवशी ते तिकिटं शोधायला घराबाहेर पडले.

आता आजकाल तिकीट कुठं मिळतं? आधी ते आपल्याच जुन्या पोस्टात गेले. तिथल्या पोरांनी चहा पाजला, पण पाकिटांवर सगळीकडे मशीनच्या रेघारेघांच्या चिठ्ठ्या. बँकेत कुरिअर. जिनिंगवाल्या शेठकडे गेले, तर सगळा व्यवहार मोबाइलवर, मागचे कागद केव्हाच रद्दीत गेलेले. कॉलनीत घरोघरी विचारलं. एका घरून लग्नपत्रिकेचं पाकीट मिळालं, त्यावरचं तिकीट हळदीकुंकवानं माखलेलं. ते त्यांनी घरी येऊन साबणानं धुतलं आणि गच्चीवर मानीबाईंच्या कुरडयांशेजारी वाळत घातलं. मे महिन्याच्या उन्हात त्याची सुरळी झाली, आणि झळ आली तशी ती सुरळी उडून गेली. रंजिताला हे कळू नये म्हणून त्यांनी मानीबाईंना गप्प बसायला सांगितलं. त्या गप्प बसल्या, पण कुरडया काढताना हसत होत्या.

मग त्यांना बोरी अरबचे किसनराव आठवले. किसनराव शेतकरी, जुने ओळखीचे. त्यांचा मोठा भाऊ दिग्रसच्या जिनिंगमध्ये मुनीम होता आणि घरी नेमानं पत्र लिहायचा. किसनरावांच्या घरी जुन्या चालीप्रमाणे आलेलं प्रत्येक पत्र वाकवलेल्या तारेत टोचून आढ्याला लटकवायचे, तो पत्रांचा गठ्ठा प्रेमसिंगनी मागे कधीतरी पाहिलेला होता. ते एसटीनं बोरीला गेले. तारा होत्या, धुळीनं काळ्या झालेल्या. किसनराव म्हणाले, न्या सगळ्या, सूनबाई जाळायच्याच म्हणत होती.

ओसरीवर बसून प्रेमसिंगनी पत्रं तारेतून काढली आणि एकदम खूश झाले. सगळी दिग्रसची. आणि तिकिटांवर ठप्पे कोणाचे? त्यांचेच! तरुणपणापासून पोस्टात ठप्पा मारायचं काम त्यांच्याकडेच होतं. त्या काळी लोक बिलंदर, पुसट ठप्पा पडला की तिकीट धुऊन पुन्हा चिकटवायचे. पोस्टमास्तर ओरडायचे. मग प्रेमसिंगनी हात कमावला. भरपूर शाई, सरळ मनगट, तिकिटाच्या बरोबर मधोमध दणका. त्यांच्या हातचं तिकीट परत कधी कोणाला वापरता आलं नाही, आणि मोठ्या साहेबांनी एकदा सगळ्यांसमोर पाठ थोपटली होती. ते काळेभोर गोल ठप्पे बघून त्यांचा ऊर भरून आला. मधे मधे काही पत्रं अशी होती, की ठप्पा नुसता कोपऱ्याला चाटून गेलेला, अर्धवट, फिकट. ती बदलीवर येणाऱ्या आळशी माणसांची कामं. असली तिकिटं काय नातीला दाखवायची? त्यांनी निवडून निवडून काळेभोर तेवढे ठेवले, आणि फिक्यांचा ढीग किसनरावांच्या सुनेच्या हाती चुलीसाठी दिला.

घरी आल्यावर सगळं गुरुजींच्या पद्धतीनं केलं. कात्री, कोमट पाणी, रद्दी. मनातल्या मनात गुरुजींना दोन शिव्या हासडून का होईना, पण केलं. मग ताटलीत मांडून रंजितापुढे ठेवलं. पोरगी हरखली. नानांच्या गळ्यात पडली. प्रेमसिंगना वाटलं, जिंकलो. तेवढ्यात ती ताटली उचलून म्हणाली, "गुरुजीआजोबांना दाखवून येते," आणि गेली.

परत आली ती हळूहळू. ताटली ओट्यावर ठेवली. गुरुजीआजोबा म्हणाले, तिकिटं फार छान असती, काही तर आता मिळतच नाहीत, पण सगळी बाद झालीत. तिकिटावरचं चित्र दिसायला हवं, ठप्पा जेवढा फिका तेवढं तिकीट चांगलं. आणि दिग्रसच्या तिकिटांचं हे असंच आहे म्हणे, त्यांच्याकडे आहेत तीसुद्धा अशीच काळी. "गुरुजीआजोबा म्हणाले, हा ठप्पा मारणारा माणूस होता की म्हैस?" रंजिता हसली. "नाना, कोण होता हो तो?"

प्रेमसिंगच्या तोंडात मारल्यासारखं झालं. किसनरावांची चूल डोळ्यांपुढे आली. आणि हा जन्मभर इमानानं वागलेला माणूस नातीच्या तोंडावर धडधडीत खोटं बोलला.

"होता एक रवी म्हून," ते म्हणाले. "बदलीवर आलता."

आत भाकरी थापणाऱ्या मानीबाईंचा हात थांबला. "रवी कोन?" त्या तिथूनच म्हणाल्या. "ठप्पे तं तुमीच मारत होते नं. सायबानं शाबासकी देल्ली म्हून पेढे वाटले होते गल्लीत."

रंजितानं नानांकडे पाहिलं. नाना कूलरमध्ये पाणी आहे का ते बघायला उठले, नुकतंच भरलं होतं तरी. पोरगी सरळ शेजारी पळाली. गेलं सगळं, असं प्रेमसिंगना वाटलं. आता दोघं मिळून हसतील. म्हैस म्हणतील. त्या दुपारी ते जेवले नाहीत.

उन्हं उतरल्यावर रंजिता गुरुजींना हाताला धरून घेऊन आली. गुरुजींचं तोंड उतरलेलं. म्हणाले, मला माहीत नव्हतं राठोडसाहेब, मला वाटलं तुम्ही पत्रं वाटायला होता, बोलून गेलो. पण रंजिताला माफीबिफीत काही रस नव्हता. तिनं गुरुजींचा नावाचा रबरी शिक्का आणि शाईचं पॅड आणलं होतं, रद्दीतल्या पत्रिकांचा ढीग टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "नाना, मारून दाखवा."

त्यांनी आधी आढेवेढे घेतले. मग टेबलाशी उभे राहिले. डाव्या हातानं पत्रिका सरकवायची, उजवा हात पॅडवर, कागदावर, पॅडवर, कागदावर. पहिले दोन-तीन वाकडे पडले. मग मनगटाला आठवलं. खोलीत तो दणादण आवाज भरला. बघता बघता ढीग डावीकडून उजवीकडे गेला, आणि प्रेमसिंग कागदाकडे बघतही नव्हते, नातीकडे बघत होते. पोरीचा आ वासलेला. ती पुन्हा ढीग लावायची आणि म्हणायची, अजून, नाना, अजून. एवढ्या दिवसांत तिनं असं त्यांच्याकडे पाहिलं नव्हतं.

त्यांनी सहज मान वळवली. गुरुजी खुर्चीच्या टोकावर बसले होते. मांडीवर अल्बम होता, एका पानात बोट घालून ठेवलेलं, पोरीला नवं काही दाखवायला आणलं असणार. तिकडे कोणाचं लक्षच नव्हतं. गुरुजी हसत होते. ते हसू कसलं आहे, हे प्रेमसिंगना कोणी सांगायला नको होतं. कुल्फी घेऊन आलेल्या माणसाला पोरगी 'उद्या' म्हणाली, की तो असाच हसतो.

बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं. आता कळू दे म्हणावं. त्यांनी मुद्दाम आणखी जोरात हाणले, टेबलावरचा तांब्या हलेपर्यंत. गुरुजींनी पानातलं बोट काढलं, अल्बम मिटला आणि गोळी घ्यायची आहे म्हणत उठले. दारापर्यंत गेलेसुद्धा. पलीकडल्या घरात आता कूलरच्या आवाजाशिवाय काही नसणार. तो आवाज प्रेमसिंगना चांगला ठाऊक होता. रंजिता पुण्याला गेली की त्यांच्या घरातही तेवढाच उरायचा.

त्यांनी शिक्का खाली ठेवला. "बसा गुरुजी," ते म्हणाले. "हात भरून आला माहा. तुमी काय आनलं, थे दाखवा तिले."

गुरुजी दारात थांबले, मग परत येऊन खुर्चीवर बसले. रंजितानं एकदा नानांकडे पाहिलं आणि टुणकन जाऊन गुरुजींच्या खुर्चीला चिकटली. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. आपणच बसवलं, आपणच बोलावलं, तरी प्रेमसिंगच्या पोटात दुखायचं ते दुखलंच. मग त्यांनी खुर्ची ओढत दोघांच्या जवळ नेली.

"सरक वं जराशी," ते म्हणाले. "मलेई दिसू दे."