मशीनच्या मापाची माळ

खंडेनवमीला अंबडच्या कंपनीत घरच्यांना आत सोडत. वर्षातून तेवढा एकच दिवस. ह्यांची मशीन रांगेत शेवटून दुसरी. तिच्या दारावर झेंडूची माळ घालायची ती मी ओवलेली, आणि हळदकुंकूही माझ्याच हातचं. हे शेजारी उभे राहून बजावत, "अगं, बटणांना कुंकू नको लावूस." घरात चार शब्द धड न बोलणारा हा माणूस तिथे मला मशीन कशी चालते ते समजावून सांगायचा. दर वर्षी तेच. मीही दर वर्षी पहिल्यांदाच ऐकतेय असं करायची. खरं सांगते, आमच्या संसारातला मला सगळ्यात आवडणारा दिवस तोच.

मग मंदी आली. गाड्या खपेनात, म्हणून गाड्यांचे सुटे भाग नकोत, म्हणून आधी रात्रपाळी बंद आणि मग माणसं बंद. टीव्हीवर सूटबूटवाले देशाची तूट समजावत होते. हे सोफ्यावर बसून परीक्षेला बसल्यासारखे ऐकायचे. माझं डोकं फिरायचं. "बंद करा हो ते. देशाचं बघायला पुष्कळ जण बसलेत. आपल्याकडे कोण येणारे बघायला?" हे आवाज कमी करायचे, बंद नाही करायचे.

शेवटी ह्यांना गुजरातेत काम मिळालं. माझी शाळेच्या ऑफिसातली नोकरी नाशकात. मुलगी लग्न होऊन पुण्याला. "दोघांपैकी एकाचं तरी पक्कं राहू दे," असं आम्ही दोघंही शहाण्यासारखं बोललो, आणि इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये मी एकटी उरले. आधी हे पंधरवड्यानं यायचे. मग महिन्यानं. मग सणाला. फोनवर बोलणं काय, तर "जेवलीस?" "जेवले. तुम्ही?" झालं. एका माणसाची भाजी करायला मला अजून जमत नाही. उरलेली दुसऱ्या दिवशी खाते आणि चिडते. कुणावर, ते विचारू नका.

यंदा हे आपणहून म्हणाले, "नवमीला तूच ये इकडे. इथेही पूजा असते." मी दोन दिवसांची रजा टाकली, बसचं तिकीट काढलं. मखमलाबादचा ताजा झेंडू आणला, आंब्याची पानं शेजारणीच्या झाडाची. दुपारभर बसून माळ ओवली. माप विचारायचं सुचलंच नाही. हात आपोआप अंबडच्या मशीनचं माप घेत गेले. ती मशीन तर केव्हाच विकली गेली होती.

संध्याकाळी बॅग भरत होते तेव्हा ह्यांचा फोन आला. "अगं, इथे घरच्यांना आत नाही सोडत. आजच कळलं. उगाच हेलपाटा कशाला?"

"बाहेर थांबले असते की," मी म्हटलं.

"बाहेर कुठे थांबणार तू?"

मी फोन ठेवला आणि बॅग रिकामी करायला घेतली.

सकाळी माळ घेऊन खाली पार्किंगमध्ये गेले. ह्यांची स्कूटर तिथे धूळ खात उभी असते. ती पुसली, कुंकू लावलं. माळ इतकी लांब की वेढे देऊनही जमिनीवर लोळत होती. वॉचमन म्हणाला, "ताई, ट्रकची आणली का काय?" मला हसू आलं, बऱ्याच दिवसांनी.

तेवढ्यात फोटो आला. नवी मशीन, दारावर झेंडूची माळ. दोन फुलं, मग आंब्याचं पान, पुन्हा दोन फुलं. अगदी माझी पद्धत. काही फुलं उलटी बसलेली. मी लगेच फोन लावला. "माळ कुणी केली?"

"मीच. काल खोलीवर बसून ओवली. दोनदा तुटली, मग जमली." आवाजात केवढं कौतुक. "आता येतं मला."

"छान झालीय," मी म्हटलं. फोन ठेवला आणि स्कूटरला टेकून रडले. माझ्यावाचून ह्यांचं एवढं एकच काम अडत होतं.