वरसेच्या शेकवाल्या मॅडम

शेकवाल्या मॅडम माणसाच्या तोंडाकडे बघून बोलत नसत, पोटाकडे बघून बोलत. रोह्याला लागून वरसे गावात त्यांचा वजन कमी करायचा क्लब होता. पहिल्या मजल्यावरची एक खोली, भिंतीवर बारीक झालेल्या बायकांचे फोटो आणि मधोमध वजनकाटा. मुलगी तीन महिन्यांची असताना मी तिथे गेले. मूल झोपतं का, नाव काय ठेवलं, असलं काही नाही. म्हणाल्या, "पोर बाहेर आलं गो, मग आत हे कोण राहिलंय?" सगळ्या हसल्या. मीही हसले. लग्नातला एकही ब्लाउज अंगात जात नव्हता, दुसरं करणार काय?

भाताचा त्यांना भयंकर राग. चहूबाजूंनी भातशेती असलेल्या गावात राहून बाई भाताला विष म्हणायची. जेवणाऐवजी डब्यातली पावडर पाण्यात ढवळून तिचा 'शेक' प्यायचा, की झालं. त्यात असतं काय, असं मी एकदा विचारलं. "सायन्स," म्हणाल्या. वर्षभरापूर्वीपर्यंत त्या घरोघरी फिरून नॉनस्टिक तवे विकत होत्या. हे सायन्स तव्यासोबत फुकट मिळालं असावं.

माझं वजन उतरलं, तशा माझ्यासाठी टाळ्या वाजल्या. त्याच आठवड्यात मुलीला लस द्यायला नेलं. डॉक्टरीणबाईंनी तिला काट्यावर ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं. महिनाभरात तिचं वजन जवळजवळ वाढलंच नव्हतं.

"तुम्ही जेवता काय?" त्यांनी विचारलं. मी शेकचं सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, दूध आटतंय.

तिथून तडक क्लबात गेले. "मॅडम, दूध आटतंय माझं."

"आटणारच. चरबी जळतेय ना! पोरीला वरचं दूध चालू कर," असं म्हणत त्यांनी दुसरीच्या कमरेला टेप गुंडाळली. पोरीचं वजन किती, हे विचारलंसुद्धा नाही.

मी पेणला आईकडे निघून गेले. आईने काही न विचारता वरणभात वाढला, वर तूप सोडलं. मी पोटभर जेवू लागले आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तसं मुलीला पुन्हा पुन्हा पाजू लागले. हळूहळू तिच्या मांड्यांना वळ्या पडल्या.

मी सासरी परतले तेव्हा मॅडमची मुलगी बाळंत होऊन माहेरी आली होती. बारशाला क्लबातल्या सगळ्याजणी होत्या. आत गेले तर मॅडम लेकीच्या ताटात भातावर भात वाढत होत्या. "खा गो, अंगावर पाजतेस. आता कसलं वजन बघायचं?"

मी मोठ्याने विचारलं, "हिला शेक नाय का मॅडम?"

"काहीतरीच काय! माझी मुलगी हाय ती!"

ज्यांच्या मांडीवर पोरं होती, त्यांनी ती जरा जवळ घेतली. जेवून आम्ही निघालो.

सोमवारी मॅडम क्लब उघडून दुपारपर्यंत एकट्याच बसल्या होत्या, असं खालचा इस्त्रीवाला सांगत होता. मला जराही वाईट वाटलं नाही.