मोल पकडणाऱ्याची हिरवळ

माझ्या घरापुढच्या हिरवळीवर मातीचे एकोणीस ढीग होते, आणि माझा नवरा मोल पकडणारा आहे. हसा. अख्खं गाव हसलं, तुम्हीही हसून घ्या.

मोल म्हणजे उंदीर नव्हे. जमिनीखाली बोगदे काढत, गांडुळं खात फिरणारा मुठीएवढा काळा प्राणी. स्वतः दिसत नाही, पण पोखरलेली माती वर ढकलून चार दिवसांत हिरवळीचं वाटोळं करतो. इंग्लंडातल्या आमच्या श्रॉपशरात या मोलांच्या मागे माझा नवरा, विल्फ गिटिन्स, चौतीस वर्षं फिरतोय. टाचेनं जमीन दाबत चालायचा, मध्येच थांबायचा आणि म्हणायचा, "इथे." तिथे बोगदा असायचाच. पण गेल्या वर्षभरात एकेका शेतकऱ्यानं त्याला बोलावणं सोडलं. उरलं होतं ते गावाचं बोल्सचं मैदान. जड चेंडू घरंगळवायचा तो खेळ, आणि त्या गवताला लोक डोळ्यांत तेल घालून जपतात. तेवढं एक मैदानही हातचं गेलं असतं तर विल्फ खुर्चीत बसून झुरून मेला असता. हे मला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर माझा जास्तच संताप होत होता.

मंगळवारी डेस्मंड बेब फाटकावर रेलून उभा राहिला. माझ्याबरोबर शाळेत होता, आता बोल्स क्लबाचा चिटणीस.

"काय डोरीन, कोळशाची खाण उघडलीस वाटतं?"

"कामाचं बोल."

"रविवारी समिती बसतेय. ज्याला स्वतःचं अंगण आवरत नाही त्याच्या हाती मैदान कसं द्यायचं, असं म्हणतायत सगळे. बोगद्यात गॅस सोडून मोल मारणारा तो माणूसही काम मागून गेलाय. मी रविवारी सकाळी येऊन बघतो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आत येऊन मी विल्फला फैलावर घेतलं. त्याच्याकडे उत्तरं तयारच. जमीन ओली आहे. गुडघे धरलेत. जरा ऊन पडू दे.

"ऊन पडेपर्यंत मोल स्वयंपाकघरात येऊन चहा पितील! ऊठ!"

उठला. मी खिडकीतून बघत राहिले. एक सापळा तर आदल्याच आठवड्यात लावलेला. मोलानं तो मातीनं गच्च भरून ठेवला होता. विल्फनं तो काढला, झटकला, त्याचा स्प्रिंगचा जबडा पुन्हा ताणायला घेतला. एकदा निसटला. दुसऱ्यांदा निसटला. तिसऱ्यांदा खाटकन मिटला तो त्याच्या दोन बोटांवर.

किंचाळले मी. तो नाही. दुसऱ्याच कुणाचा तरी हात असावा तसा तो बोटांकडे बघत बसला.

मी धावत गेले, सापळा उघडला. "दुखत नाही?"

"नाही."

"कधीपासून?"

"मागच्या सुगीपासून. दोन्ही हातांना काही कळत नाही."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू ओरडली असतीस."

"मग आता काय गाणं म्हणतेय?"

बोटं बांधता बांधता मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला. मेल्या, वर्षभर मी तुला आळशी म्हणत राहिले आणि तू ऐकून घेतलंस! त्या रागातच मी हिरवळीवर गुडघे टेकले. "सांग. काय करायचं?"

"आधी तो गुलाबाचा साबण धुऊन ये. हातांना माती चोळ. मोलाला वास येतो."

मग लोखंडी सळई. दोन ढिगांच्या मध्ये खुपसायची. जिथे ती एकदम खाली जाते तिथे बोगदा. मी खुपसत सुटले.

"अगं, हळू! त्याच्या छपरातून सळई घालतेस. बोगदा उघडून तळ बोटांनी दाबून घट्ट कर, मग सापळा बसव. आणि वरून गवताचा तुकडा असा ठेव की उजेडाची तिरीपही आत जाता कामा नये."

शनिवारपर्यंत चार मोल पकडले मी. पकडले की नाक अडकवून कुंपणाच्या काटेरी तारेला टांगायचे, म्हणजे काम झालेलं येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतं. मीच टांगले.

रविवारी डेस्मंडनं तारेकडे बघून शीळ घातली. "वा विल्फ! हात अजून शाबूत आहे म्हणायचा."

"माझा नाही," विल्फ म्हणाला. "माझी बोटं गेली, डेस्मंड. हे डोरीननं पकडलेत."

डेस्मंड डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. "डोरीननं? शाळेत गांडूळ बघून बाकावर चढायची ती?" त्यानं विल्फच्या पाठीवर थाप मारली. "मैदान तुझंच रे बाबा!"

मैदान वाचलं होतं. मी मूग गिळून बसले.

तो गेल्यावर विल्फ माझ्याकडे वळला. चाळीस वर्षांच्या संसारात मी त्याचा चढलेला आवाज ऐकला नव्हता, तो त्या दिवशी ऐकला.

"बोटं गेली हे बोलायला मला किती जड गेलं, ठाऊक आहे? आणि तू गप्प?"

"तुझ्यासाठीच गप्प बसले!"

"माझ्यासाठी? उद्या मैदानावर सापळा कोण लावणार? मी, खोटा खोटा? आणि मागून तू, चोरासारखी?"

मी एक सापळा उचलला आणि मातीच्या हातांनीच क्लबात गेले. समिती बिअर पीत बसली होती. मेजावर सापळा ठेवला, ताणला, पेन्सिलीनं टोचला. पेन्सिलीचे दोन तुकडे झाले.

"ते चार मोल मी पकडलेत. विल्फच्या बोटांत जीव उरलेला नाही. तो उभा राहून सांगतो आणि मी लावते. मैदान हवं असेल तर असं मिळेल, नाहीतर तो गॅसवाला बोलवा. आता हसायचं असेल त्यानं हसावं."

कुणी हसलं नाही. डेस्मंडनं पेन्सिलीचे तुकडे बाजूला सारले आणि कागद पुढे ओढला. "बरं बाई. कामाच्या पत्रावर नाव कुणाचं घालू?"

"दोघांचं," मी म्हटलं. "आणि आधी विल्फचं घाल. बोटं गेलीत त्याची, अक्कल नाही गेली."