राजीनाम्याचा मसुदा

कुवेतमध्ये परदेशी नोकरदार कितीही वर्षे राहिला तरी त्याचा मुक्काम तात्पुरताच असतो. स्थानिक नागरिकाच्या निवृत्तिवेतनासाठी मालक दरमहा वर्गणी भरतो. आमच्या नावे तसे काही साठत नाही. नोकरी संपताना जी एकरकमी रक्कम हाती पडते, तीच म्हातारपणाची पुंजी.

हे मी आज नीट सांगू शकतो. तेव्हा सांगायला हवे होते.

कुवेतच्या सबाह अल-सालेम वस्तीत आमच्या शेजारी रत्नागिरीकडचे एक चाचा राहत. जाब्रियातल्या एका दवाखान्याचे औषधभांडार ते सांभाळत. साठी उलटली होती; गावी परतल्यावर पुन्हा कुणाची चाकरी करायची नाही, एवढीच त्यांची इच्छा. एका संध्याकाळी ते कोरा कागद घेऊन आले. दवाखान्यात माणसे कमी करणार, अशी कुणकुण त्यांना लागली होती.

“मास्तर, इंग्रजीत राजीनामा लिहून द्या. चांगला अदबीचा.”

“काढतील तेव्हा काढू देत ना, चाचा.”

“आणि गावात काय सांगू? हाकलला म्हणून? तुम्ही शाळावाले लाज शिकवता, सोसावी आम्हाला लागते!”

मी हसलो आणि लिहायला बसलो. समास सोडून तीन परिच्छेद लिहिले. कृतज्ञतेचे वाक्य दोनदा सुधारले. नोकरीला किती वर्षे झाली, हे मात्र विचारले नाही. प्रश्न दोनदा वाचा, असे मुलांना मी रोज बजावतो.

नोटिशीचा काळ धरूनही नोकरीची दहा वर्षे भरायला दोन महिने उरत होते. त्याआधी स्वतःहून नोकरी सोडणाऱ्याला दोन-तृतीयांशच रक्कम मिळते. मालकाने काढले असते, तर पूर्ण मिळाली असती. चाचांना हे कळले तोवर राजीनामा मंजूर झाला होता.

मी दवाखान्याच्या व्यवस्थापकाला भेटलो; हा राजीनामा दबावाखाली दिलेला आहे, असे म्हणालो. त्याने फाइलमधून माझेच पत्र पुढे सरकवले. “यात जबरदस्ती कुठे दिसते, सांगा.”

कुठेच दिसत नव्हती. मी ते फार काळजीपूर्वक लिहिले होते.

“जाऊ द्या, मास्तर,” चाचा म्हणाले. “फक्त हिच्या कानावर घाला, पैसे पुरे मिळाले म्हणून. तुमचं ती खरं मानते.” मी गावी चाचींना फोनवर तसे सांगितले.

आता चाचा गावी पुतण्याच्या हार्डवेअरच्या दुकानात दिवसभर उभे असतात. गेल्या शुक्रवारी चाचींचा फोन आला. “मास्तर, पैसे पुरे मिळाले ना? मग हे रोज पाय सुजवून का येतात?”

त्यांना कामाची सवय आहे, असे मी म्हणालो.