गोळीची सर्दी

आमच्या ह्यांचं नाक म्हणजे काय सांगू! रोज बारामतीहून एसटीनं लासुर्ण्याला यायचे आणि दारात चपला काढतानाच म्हणायचे, "आज पळसदेवची मासळी व्हय?" आता मासळी शिजते, पण दारातून ओळखणारं कुणी नाही.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. ह्यांना शुगर निघाली आणि हे बाहेरच्या खोलीत झोपायला लागले. विचारलं की म्हणायचे, "आत उकडतंय." ऐन थंडीत उकडतंय, कर्माचं! मी मनाशी धरलं, ह्यांना मी नकोशी झाले. वर्षभर आतल्या आत जळले.

मग एका शनिवारी हे हळूच म्हणाले, "आज आतच झोपतो." मी खुळ्यासारखी दोनदा केस विंचरले. तेवढ्यात स्टोव्हवर दूध करपलं. घरभर वास, आणि हे शेजारीच पेपर वाचतायत, तोंड लालबुंद! चोंदल्या नाकानं म्हणाले, "बला वासच आला न्हाय."

सासूबाईंनी ते ऐकलं मात्र! "सर्दी झालीय ह्याला. पोरांना लागंल. हातरूण भाईर टाक." वर ओव्याची पुरचुंडी शेकायला दिली. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच.

माझं डोकंच फिरलं. काढा घेऊन परसात ह्यांच्याकडं गेले. "ही सोंगं बास झाली. सरळ सांगा, नको झालेय ना मी?"

"अगं खुळे, तुज्यासाठीच तर गोळी घेतोय! शुगरनं बाझ्यात काय राह्यलं न्हवतं. डॉक्टरनं बाहेरदेशची गोळी दिली, तिनंच दाक चोंदतंय!"

मी आधी रडले. मग ते 'दाक' आठवलं आणि हसू आवरेना. तशीच आत गेले. "आत्याबाई, ही सर्दी पोरांना लागायची न्हाय. लागली तर मला लागू द्या."

सासूबाईंनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि डोक्यावरून वाकळ ओढून घेतली.

पुढं ह्यांच्या छातीत दुखायला लागलं. डॉक्टरांनी गोळी कायमची बंद केली. आता पुन्हा बाहेरची खोली, म्हणून मी धसका घेतला. शनिवारी हे आले. नाक चांगलं मोकळं. दारातूनच म्हणाले, "भरलं वांगं केलंयस." मग चिमटीत नाक धरलं, "बला सर्दी झालीय गं," म्हणाले, आणि आपलं हातरूण उचलून आत घेऊन आले.