समासातलं अक्षर

बातमीदार बाई वर्षभराच्या फेलोशिपवर विद्यापीठात शिकवायला आल्या, तेव्हा वर्तमानपत्रातल्या सहकाऱ्यांनी पैज लावली होती की बाई महिन्याभरात पोरांना पळवून लावतील. पण कंपन्या लोकांना कशा फसवतात हे शिकवायला बाईंकडे पुस्तक नव्हतं, कागद होते, आणि पोरं जागची हलत नसत. खऱ्या कंपनीचा खरा कागद घ्यायचा, नावांवर आणि सह्यांवर काळी शाई फासायची, वर्गात वाटायचा आणि म्हणायचं, "खोटं शोधा."

त्या बुधवारी लिफ्ट तपासणीचे अहवाल वाटले. एकाच तंत्रज्ञाने एका दिवसात एकवीस इमारती तपासल्या होत्या म्हणे. बाईंना हे कागद चोरून आणून देताना त्यानेच समासात लिहिलं होतं, 'सही माझी. वर चढलोच नाही.' तो शेरा म्हणजे धड्याचा जीव, म्हणून बाईंनी तो झाकला नाही. बावीस वर्षं खबर देणाऱ्यांची नावं पोटात ठेवली, आणि अक्षरावरूनही माणूस ओळखू येतो हे सुचू नये? कपाळकरंटेपणा, दुसरं काय.

तिसऱ्या बाकावरची मुलगी वाचता वाचता थांबली. तास संपल्यावर तिने सगळ्यांकडून कागद गोळा केले, बाईंच्या खोलीत आणून ठेवले आणि दार लावून घेतलं.

"मॅडम, हे माझ्या बाबांचं अक्षर आहे."

बातमी पुढच्या आठवड्यात छापायची होती. तोवर नाव फुटलं तर कंपनी सगळ्या खोट्या तपासण्यांचं खापर त्या एकट्याच्या माथी फोडणार होती.

"कुणाला बोललीस?"

"नाही. बोलणार पण नाही." मुलगी उभीच होती. "कामावरून आले की गुडघे दुखतात म्हणतात. शिड्या चढून चढून. मी रोज शेकून देते."

बाईंनी तिथल्या तिथे त्याला फोन लावला आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, चूक माझी आहे, तुमच्या मुलीने अक्षर ओळखलं.

"नोकरीचं मी बघून घेईन," तो म्हणाला. "ती आहे का तिथे?"

"समोरच आहे."

"मग आज तिला जरा उशिरा सोडा, बाई. तिला तोंड दाखवायला मला जरा वेळ लागेल."

बाईंनी फोन ठेवला आणि खुर्ची पुढे सरकवली. मुलगी बसली नाही.