पापडासोबतचं पाणी

फाळणीच्या साली गोंदियात एका राईस मिलच्या ओसरीत सिंधमधून आलेली एक म्हातारी पापड विकायची. लाटताना तिची नजर स्टेशनच्या रस्त्यावर असायची. मुलगा, सून, नातवंडं वाटेत चुकली होती.

एकदा मी म्हटलं, "माय, तहान लागून राहिली, थोडं पाणी द्या ना."

"कुआँ उधर है," ती तुटकपणे म्हणाली. "हमारे में मेहमान को पापड-पानी घर में देते हैं. यहाँ घर कहाँ?"

मला राग आला, पण पापड चांगले होते, म्हणून जात राहिलो.

थंडीत एकदा गेलो तर ओसरीत तिची नातवंडं खेळत होती. तिनं भाजलेला पापड अन् पाण्याचा लोटा माझ्यापुढे ठेवला.

"बैठो. घर आ गया."

ओसरी तीच होती. पाणीही त्याच विहिरीचं होतं.